एकच कुळनाव, दोन मूळपुरुष : म्पोंडो किनाऱ्यावरच्या अबेलुंगू घराण्यातलं एक अडलेलं लग्न

हे प्रकरण दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातल्या एका म्पोंडो कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गावं, व्यवसाय आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. दोन्ही घरांनी लिहायला परवानगी दिली आहे. मी डरबनमध्ये राहते आणि कुटुंबांचा तोंडी इतिहास नोंदवण्याचं काम करते. माझ्याकडे प्रश्न आला तो असा: ‘आमचं कुळनाव कुठून आलं आणि आम्ही मूळचे हिंदुस्थानातले आहोत का?’ प्रश्न विचारणाऱ्या चुलत्यांना उत्तराची घाई होती. घाईचं कारण त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं. त्यांच्या पुतण्याची सोयरीक मोडायच्या बेताला आली होती.

पार्श्वभूमी

म्पोंडोंचा प्रदेश म्हणजे हिंदी महासागराच्या काठची, म्थाथा आणि म्तामवुना या नद्यांमधली डोंगराळ, हिरवी पट्टी. मधून म्झिम्वुबू नदी वाहते. तिच्या पूर्वेला लुसिकिसिकीकडचं मूळ राजघराणं. पश्चिमेला न्यांदेनीची गादी, जी फाकू राजाचा मुलगा न्दामासे याने एकोणिसाव्या शतकात नदी ओलांडून उभी केली. १८९४ मध्ये केप वसाहतीने हा प्रदेश खालसा केला. दक्षिण आफ्रिकेत सर्वांत शेवटी स्वातंत्र्य गमावलेल्या आफ्रिकी राज्यांपैकी हे एक.

इथल्या माणसाला दोन नावं असतात आणि हे प्रकरण समजायला तो फरक नीट कळायला हवा. एक आडनाव. ते बहुतेक घरांत आजोबा किंवा पणजोबांचं व्यक्तिनाव असतं. वसाहतीचा झोपडी-कर, मिशनची शाळा, खाणीवरची भरती, अशा कुठल्यातरी टेबलावर कारकुनाला दुसरं नाव हवं होतं म्हणून ते कागदावर चढलं. दुसरं ‘इसिदुको’, म्हणजे कुळनाव. ते मूळपुरुषाचं असतं, बापाकडून येतं आणि बदलत नाही. नेल्सन मंडेला यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ते थेंबू समाजाचे. मंडेला हे त्यांच्या आजोबांचं नाव, ते आडनाव झालं. लोक आदराने ‘मादिबा’ म्हणत ते कुळनाव, अठराव्या शतकातल्या थेंबू राजाचं. म्पोंडोंचं राजकुळ न्यावुझा. बाई लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली तरी तिचं माहेरचं कुळनाव तिच्याबरोबर जातं. सासरचे लोक तिला जन्मभर त्याच नावाने, पुढे ‘मा’ लावून हाक मारतात.

एका इसिदुकोच्या मुलामुलीचं लग्न होत नाही. आईच्या कुळातही नाही, आणि बऱ्याच घरांत आजीचं कुळही वर्ज्य असतं. मराठी वाचकाला हे समजायला देवक पुरेसं आहे. मराठा घरांत आडनावं निराळी असून देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही. आडनाव एक आणि देवक निराळं असेल तर होऊ शकते. म्पोंडो घरातही आडनावावरून काहीच ठरत नाही.

आता या कुटुंबाचं कुळनाव. ते ‘अबेलुंगू’, म्हणजे गोरे लोक. एका माणसाला हाक मारताना ‘म्लुंगू’. या कुळातली माणसं दिसायला, बोलायला, रीतीभातीला पूर्ण म्पोंडो आहेत. नाव आलं ते समुद्रातून. या किनाऱ्यावर खडक पाण्यात लांबवर शिरलेले आहेत आणि जवळून वाहणारा अगुलहास प्रवाह जोरदार आहे, त्यामुळे शतकानुशतकं इथे जहाजं फुटत आली. १५५२ मध्ये पोर्तुगीजांचं ‘साओ जोआओ’ आणि १५५४ मध्ये ‘साओ बेंतो’, दोन्ही कोचीनहून निघालेली. १६३५ मध्ये गोव्याहून निघालेलं ‘नोसा सेन्योरा दे बेलें’. अशा जहाजांवर पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानातून नेलेले गुलाम आणि नोकरही असत. पहिल्या दोन जहाजांवरून वाचलेल्यांपैकी बहुतेक उत्तरेकडे पोर्तुगीज ठाण्यांच्या दिशेने चालत निघाले आणि वाटेत मेले. काही जण मागे राहिले. आजही वादळानंतर काही ठिकाणी वाळूत तांबड्या अकीकाचे मणी सापडतात.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आणखी एक जहाज फुटलं. त्यातून वाचलेली एक लहान गोरी मुलगी चोमाने लोकांत वाढली. तिचं इंग्रजी नाव बेसी असं सांगतात, इथे ती ग्कुमा झाली. तिचं लग्न चोमाने राजघराण्यात झालं. तिचा मुलगा म्देपा पुढे चोमान्यांचा प्रमुख झाला, आणि तिचा वंश किनाऱ्यावरच्या अनेक राजघराण्यांत पसरला. पण ग्कुमाची मुलं अबेलुंगू नव्हेत. कुळ बापाकडून येतं, म्हणून ती चोमाने. अबेलुंगू कुळ आलं ते वाचलेल्या पुरुषांपासून, ज्यांनी इथल्या मुलींशी लग्नं केली. या कुळाच्या स्तुतिपाठात मूळपुरुष म्हणून जेक्वा आणि हातू ही नावं येतात. ही बारीक गोष्ट इथल्या अनेक घरांतही विसरली गेली आहे आणि पुढे सगळं तिच्यावरच येऊन अडलं.

हे घर

मुलगा तिशीच्या आतला, डरबनमध्ये वायरमन. वडील रुस्टेनबर्गच्या प्लॅटिनम खाणीतून निवृत्त होऊन गावी परतलेले. गाव म्झिम्वुबूच्या पश्चिमेला, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आडनाव आजोबांचं व्यक्तिनाव. घरात सगळ्यांना ठाऊक की आपण अबेलुंगू.

मुलगी परिचारिका. आई ती लहान असतानाच गेली. वडिलांच्या बहिणीने तिला डरबनमध्ये वाढवलं. वडिलांचं कुळ वेगळंच होतं, त्याबद्दल काही शंका नव्हती. आईच्या कुळाचा उल्लेख त्या घरात कधी झाला नाही. आईला ‘मा’ लावून हाक मारणारं माणूसच घरात उरलं नव्हतं, तर मुलीच्या कानावर ते नाव पडणार कसं?

चुलते, म्हणजे मुलाच्या वडिलांचे धाकटे भाऊ, निवृत्त शिक्षक. त्यांनी घराण्याच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका टंकलिखित केली होती. तीत लिहिलं होतं की आमचा मूळपुरुष ‘ग्रोव्हनर’ जहाजावरचा हिंदी खलाशी, आणि तो सोनं घेऊन किनाऱ्याला लागला. पुस्तिका नातेवाइकांत वाटली गेली होती.

अडचण

लोबोलाची, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी द्यायच्या गुरांची किंवा पैशांची, पहिली बैठक मुलीच्या घरी झाली. मुलाकडचे बोलणी करणारे, ज्यांना ओनोझाकुझाकू म्हणतात, त्यांनी रीतीप्रमाणे कुळनाव सांगितलं. मुलीच्या बाजूने तिचा मलूमे, म्हणजे मामा, बसला होता. तो गावाहून मुद्दाम आलेला. ‘म्लुंगू’ ऐकल्यावर तो काही वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘माझी बहीणही म्लुंगू होती. मी म्लुंगू आहे. आपण कशाची बोलणी करतोय?’

बैठक तिथेच थांबली. गुरांची किंवा पैशांची गोष्टच निघाली नाही.

कायद्याने स्वतःहून आडकाठी घातलेली नव्हती. दक्षिण आफ्रिकेचा रूढीमान्य विवाहांचा १९९८ चा कायदा वय, संमती आणि रीतीप्रमाणे झालेली बोलणी-समारंभ पाहतो. कोणत्या नात्यात लग्न चालत नाही, हे तो त्या समाजाच्या रूढीवरच सोपवतो. प्रश्न पूर्वजांचा होता. सगोत्र लग्न झालं तर मुलं आजारी पडतात, घराला दोष लागतो, असं मानणारी माणसं दोन्ही घरांत होती. शिकलेली, पगारदार माणसंही त्यात होती. मला ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी वाटली नाही. ज्या समाजाची नाती खाणभरतीने आणि स्थलांतराने पिढ्यान् पिढ्या ताणली, त्याने कुळाचे नियम घट्ट धरून स्वतःला जोडून ठेवलं आहे.

चुलत्यांची मात्र एक योजना होती. मूळपुरुष हिंदी होता हे सिद्ध झालं, तर आपण ‘खरे’ अबेलुंगू नाहीच, फक्त नाव लागलेले आहोत, म्हणून सोयरीक होऊ शकते. माझ्याकडे ते याच आशेने आले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मुलानेच काढला होता: न्यायालयात जाऊन नोंदणी विवाह, आणि घरच्यांची समजूत नंतर. मुलीने तो तिथल्या तिथे नाकारला. आई नसलेल्या मुलीला मामाचा आशीर्वाद सोडायचा नव्हता.

दुसरा, डीएनए चाचणी. मुलाच्या धाकट्या भावाने संच मागवूनही ठेवला होता. वाय-गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, तेव्हा पुरुषवंश युरोपचा, दक्षिण आशियाचा की आफ्रिकेचा याचा अंदाज त्यातून येऊ शकतो. हे खरं आहे. पण कोणतं जहाज, कोणता माणूस, कोणतं कूळ, हे त्यातून कळत नाही. आणि चाचणी जे विचारलेलं नाही तेही सांगते. घरातल्या एका माणसाच्या लाळेवरून सगळ्या घराच्या बापांबद्दल काहीतरी बोललं जातं, आणि त्यातले बरेच बोलायला जिवंत नसतात. मी सांगितलं की आधी तोंडी इतिहास पूर्ण ऐकावा, संच उघडू नये. धाकट्याला ते पटलं नाही, पण त्याच्या वडिलांना पटलं.

तिसरा पर्याय कागदपत्रांचा. ग्रोव्हनरच्या दाव्याची तारीखवार छाननी.

चौथा, गावी जाऊन म्हाताऱ्यांकडून दोन्ही घरांची वंशावळ मुळापर्यंत ऐकणं.

पाचवा पर्याय कोणी उघडपणे मांडला नाही, पण तो खोलीत होता. मुलाच्या घराने गुपचूप दुसरं कुळनाव सांगायचं. चुलत्यांची हिंदी मूळपुरुषाची योजना हे त्याचंच सभ्य रूप होतं. मी त्यांना स्पष्ट म्हटलं, ‘ताता, मूळपुरुष हिंदी निघाला तरी तुमच्या घरात बकरं कापताना कोणाला हाक मारतात?’ ते म्हणाले, ‘म्लुंगूला.’ मग मूळपुरुष लिस्बनचा की रत्नागिरीचा, याने या लग्नापुरता काही फरक पडत नव्हता. ते त्यांना कळत होतं. तरी तारखा तपासायचं ठरलं, कारण पुस्तिका घराघरांत पोहोचली होती आणि बैठकीत कोणीतरी ती पुढे करणारच होतं.

कागद काय सांगतात

ग्रोव्हनर हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज. त्रिंकोमालीहून इंग्लंडला जाताना ४ ऑगस्ट १७८२ रोजी ते म्पोंडोंच्या किनाऱ्यावर लुसिकिसिकीच्या बाजूला फुटलं. सव्वाशेच्या आसपास माणसं जिवंत किनाऱ्याला लागली. त्यात इंग्रज प्रवासी, अधिकारी, बायका-मुलं होती, आणि लस्कर होते, म्हणजे कंपनीच्या जहाजांवर राबणारे आशियाई खलाशी. केपपर्यंत पोहोचले ते फार थोडे. वाचलेल्यांत काही लस्कर आणि हिंदी आया होत्या. या जहाजात मोगलांचं मयूरसिंहासन होतं अशी अफवा पुढे पसरली, आणि विसाव्या शतकात खजिना शोधायला कंपन्या निघाल्या, समुद्राखालून बोगदाही खणायला घेतला. किनाऱ्यावरच्या एखाद्या घराला आपली कथा याच जहाजाला जोडावीशी वाटली तर नवल नाही. बाकीच्या जहाजांची नावं कोणाला ठाऊक असतात?

पण तारीख जुळत नाही. ग्रोव्हनरच्या वाचलेल्यांचा शोध घ्यायला १७९० मध्ये याकोब व्हान रेनेन याची तुकडी केपहून निघाली. तिला किनाऱ्यावर परक्यांच्या वंशजांची एक वस्ती सापडली. रोजनिशीत तिथली माणसं सुमारे ४०० असल्याचं लिहिलं आहे. तीन म्हाताऱ्या गोऱ्या बायका अजून हयात होत्या. आपण कोणत्या देशाच्या हे त्यांना सांगता आलं नाही, कारण जहाज फुटलं तेव्हा त्या अगदी लहान होत्या. व्हान रेनेनने त्यांना केपला नेण्याची तयारी दाखवली. त्या आधी खूश झाल्या. मग म्हणाल्या, शेतातलं पीक काढून होऊ द्या, आणि आमची मुलंनातवंडंही बरोबर यायला हवीत. शेवटी त्या गेल्या नाहीत.

ग्रोव्हनर फुटून तेव्हा आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत ४०० माणसांची वस्ती आणि नातवंडं होत नाहीत. म्हणजे अबेलुंगू कुळ ग्रोव्हनरच्या आधीचं आहे. त्या जहाजावरचा एखादा लस्कर नंतर या वस्तीत सामावला गेला असणं अशक्य नाही. पण मूळपुरुष तो नव्हे.

चुलत्यांना हे सांगताना मला वाईट वाटलं. मराठी माणूस म्हणून मलाही हा दुवा निघायला हवा होता. कोचीनची, गोव्याची जहाजं या खडकांवर फुटली आहेत आणि त्यांत आपल्याकडची माणसं होती, हे पक्कं आहे. त्यांपैकी कोणाचा वंश कुठल्या घरात आला हे सांगणारा कागद या घरापाशी नव्हता. चुलत्यांनी दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘गावी चला. वहिनीला विचारू.’

गावातली बैठक

वहिनी म्हणजे कुटुंबातल्या थोरल्या काकांची विधवा, ऐंशीच्या पुढची. सगळे तिला मखुलू म्हणतात, आजी. घराण्याची सगळ्यात लांबची आठवण तिच्याकडे होती, आणि तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. पुस्तिका लिहिताना चुलत्यांनी फक्त पुरुषांना विचारलं होतं.

त्याला कारणही होतं. सून सासऱ्याचं आणि घरातल्या थोर पुरुषांचं नाव उच्चारत नाही. त्या नावातल्या अक्षरांचे दुसरे शब्दही टाळते. ही ‘ह्लोनिफा’ची रीत. वंशावळ सांग म्हटलं की तिला गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसलेल्या बाईला काही ठाऊक नसतं असा समज होतो. मुलाच्या दादोबावोने, म्हणजे आत्याने, मार्ग काढला. आत्या या घराची लेक, तिला बंधन नाही. ती एकेक नाव घेत गेली आणि मखुलू ‘हो’, ‘नाही’, ‘याच्या आधी अजून एक’ असं म्हणत गेली. खोलीत पुरुष कोणी नव्हते. मखुलूची तशी अट होती.

चौथ्या नावावर ती थांबली. मग तिने जे सांगितलं ते असं: मुलाचे आजोबा, ज्यांचं नाव आज सगळ्यांचं आडनाव आहे, ते या घराच्या मुलाचे मुलगे नव्हते. या घराच्या लेकीचे होते. ती लग्नाआधी आई झाली, बापाकडून कोणी आलं नाही, आणि मूल आजोळी वाढलं.

म्हणजे या घराची पुरुषांची साखळी तिथे तुटते आणि एका बाईतून पुढे जाते. धाकट्या भावाने तो संच उघडला असता, तर उत्तर अबेलुंगूंच्या मूळपुरुषाबद्दल आलंच नसतं. ते एका अज्ञात माणसाबद्दल आलं असतं, आणि लग्नाच्या बोलण्यांच्या मध्यात सगळ्यांसमोर आलं असतं.

आत्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता: ‘त्यांचं इंबेलेको कुठे झालं?’ इंबेलेको म्हणजे बाळाला पूर्वजांच्या ओळखीत देण्याचा विधी. घराच्या गोठ्यात बकरं कापतात, कुळाची नावं घेतात, बाळ कोणाचं ते पूर्वजांना सांगतात. मखुलू म्हणाली, ‘इथेच. याच गोठ्यात. माझ्या सासूने मला ते सांगितलं होतं.’

प्रश्न तिथे संपला. ज्या गोठ्यात पूर्वजांना सांगितलं गेलं, त्या गोठ्याचा तो. मुलाचे आजोबा अबेलुंगू, वडील अबेलुंगू, मुलगा अबेलुंगू. कुळ बदलून सोयरीक सोपी करण्याची वाटही त्याबरोबर बंद झाली.

आता ही गोष्ट कोणाला सांगायची? सांगण्याचा हक्क माझा नव्हता, मी ती टिपूनही ठेवली नाही. आत्याने ठरवलं की ती स्वतः भावाला सांगेल, एकटी, आणि मुलीच्या घराला फक्त एवढंच कळेल की इंबेलेको या गोठ्यात झालं. सोयरीक ठरवायला तेवढं पुरेसं होतं. मुलाच्या वडिलांनी ऐकून घेतलं आणि त्या संध्याकाळी कोणाशी बोलले नाहीत. या लेखात ती गोष्ट येते ती त्यांनी नंतर स्वतः होकार दिला म्हणून. ‘असं अनेक घरांत आहे, लिहा’, असं ते म्हणाले.

दोन मूळपुरुष

इकडे मुलीच्या मामानेही आपल्या घरात वंशावळ ऐकली होती. दुसऱ्या बैठकीत दोन्ही घरांच्या म्हाताऱ्यांनी स्तुतिपाठ म्हटले. कुळनाव एकच, पण पाठ वेगळे. एका घराची साखळी एका मूळपुरुषापाशी थांबली, दुसऱ्याची दुसऱ्याच. कोणाची कोणापाशी हे मी मुद्दाम लिहीत नाही.

मग खरी चर्चा झाली आणि ती अर्धा दिवस चालली. एक बाजू म्हणाली: अबेलुंगू हे नाव आपण घेतलेलं नाही, शेजाऱ्यांनी दिलेलं आहे. समुद्रातून आलेल्या सगळ्यांना त्यांनी एकाच नावाने हाक मारली. ते वेगवेगळ्या घरचे असतील, वेगवेगळ्या जहाजांवरचे असतील. रक्त एक असण्याचं कारण नाही. दुसऱ्या बाजूने एक म्हातारा, तोही मुलाकडचाच, म्हणाला: ‘मी गोठ्यात उभा राहून म्लुंगू म्हणतो तेव्हा तुमचेही उठतात आणि आमचेही उठतात. त्यांना मी कसं सांगू की तुम्ही निम्मे परत झोपा?’

इतिहास पहिल्या बाजूला होता. वस्तीत अनेक जहाजांची माणसं मिसळली असावीत असं मानायला आधार आहे. पण मला विचारलं तेव्हा मी फक्त तारखा सांगितल्या. नाव एक म्हणजे कूळ एक की नाही, हे इतिहासकाराने ठरवायचं नसतं. ज्यांना ते नाव घेऊन पूर्वजांसमोर उभं राहायचं आहे त्यांनी ठरवायचं असतं.

कोंडी फोडली ती मखुलूने, आत्याच्या तोंडून. तिने विचारलं, आधी असं कधी झालं आहे का? तिच्या आठवणीत शेजारच्या गावात या दोन पाठांच्या घरांत एक लग्न झालं होतं, आणि त्या घरची नातवंडं आज मोठी आहेत. मामाला ते घर माहीत होतं. तो म्हणाला, मी जाऊन विचारून येतो. बैठक महिनाभर पुढे गेली.

निकाल

मामा परत आला तो होकार घेऊन, अट घालून. दोन्ही घरांनी आपापल्या गोठ्यात बकरं कापून पूर्वजांना सांगायचं की ही दोन माणसं वेगवेगळ्या मूळपुरुषांची आहेत, आणि मुलीचा संबंध आईकडून आहे, बापाकडून नाही. या शेवटच्या मुद्द्याने त्याचं मन वळलं असं मला वाटतं. मुलीचं स्वतःचं कुळ वडिलांचं, वेगळंच. दोघांच्या बापांचं कुळ एक असतं तर त्याने ही सोयरीक कधीच मान्य केली नसती, असं तो म्हणाला.

लोबोला ठरला. लग्न झालं. मुलाकडचा तो म्हातारा विधीला आला नाही आणि कोणी त्याच्यावर रागावलं नाही. हा निर्णय या दोन घरांपुरता आहे. दुसऱ्या अबेलुंगू घराने तो दाखला म्हणून दाखवला तर त्या घरचे म्हातारे तो मानतीलच असं नाही.

चुलत्यांनी पुस्तिका पुन्हा लिहिली. ग्रोव्हनर आणि सोनं गेलं. त्या जागी १७९० च्या वस्तीची नोंद आली आणि दोन मूळपुरुषांचे दोन पाठ आले. हिंदुस्थानाबद्दल त्यांनी एक वाक्य ठेवलं: कोचीन आणि गोव्याहून निघालेली जहाजंही या किनाऱ्यावर फुटली आहेत. त्यापुढे दावा केला नाही. मखुलूचं नाव पहिल्या पानावर आलं. आजोबांच्या जन्माबद्दल पुस्तिकेत काही नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, आईचं कुळनाव. मुलगा-मुलगी एकमेकांना चार वर्षं ओळखत होते. पहिल्या बैठकीच्या आधी मुलीच्या आत्याने मामाला एक फोन केला असता तर मामा आणि मुलाची आत्या दोघंच भेटून बोलू शकले असते. सगळ्यांसमोर बैठक थांबणं हा अपमान होतो, आणि अपमान झाल्यावर म्हातारी माणसं मागे सरकत नाहीत. शहरात वाढलेल्या मुलांनी आडनावं विचारून थांबू नये. चारही आजी-आजोबांची कुळनावं आधी लिहून घ्यावीत.

दुसरं, क्रम. कुटुंबाने सुरुवात जहाजापासून केली, कारण जहाजाची गोष्ट रंजक होती. लग्नासाठी लागणारं उत्तर दोन गोठ्यांत आणि एका म्हातारीच्या आठवणीत होतं. पुन्हा असं प्रकरण आलं तर आधी इंबेलेको कुठे झालं ते विचारावं, मग स्तुतिपाठ ऐकावेत, आणि अभिलेखागाराकडे शेवटी जावं.

तिसरं, बायकांना विचारणं. ह्लोनिफामुळे सुना नावं घेत नाहीत, पण ऐकतात आणि लक्षात ठेवतात. घराच्या लेकीला मध्ये बसवलं की ते ज्ञान बाहेर येतं. हे आत्याला सुचलं. नोंदी घेणाऱ्या प्रत्येकाने ही पद्धत उचलावी असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्याकडे जुनी घराणी नोंदवणाऱ्यांनीही.

डीएनएबद्दल घरात अजून एकमत नाही. धाकट्या भावाला त्याच्या वडिलांनी सगळं सांगितलं आहे. संच त्याने ठेवून दिला आहे. आता त्याला त्या अज्ञात माणसाबद्दलच जाणून घ्यायचं आहे, आणि तो त्याचा हक्क आहे. वडिलांनी फक्त एवढं मागितलं आहे की मखुलू असेपर्यंत थांब.